भिगवणला टू-एक्स कन्व्हर्टर नेऊ नका

निकाल आधी सांगतो, बाकीचं मागाहून. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला पाण्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायला जाणार असाल, तर १५०-६०० किंवा २००-६०० मिमी झूमला टू-एक्स टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून पल्ला दुप्पट करणारी नळी, लावू नका. भाड्याने आणू नका, मित्राकडून उसना घेऊ नका, स्वतःचा असला तर घरी ठेवा. वन-पॉइंट-फोर, म्हणजे पल्ला १.४ पट करणारा, चालतो, पण ठरावीक लेन्सवर आणि ठरावीक वेळेला. ज्यांच्याकडे चारशे-पाचशेपर्यंत पोचणारी कुठलीही बरी लेन्स आहे, त्यांनी कन्व्हर्टरचे पैसे वाचवून नावेची आणखी एक फेरी करावी.

हे इतकं ठासून लिहायचं कारण असं की पुण्यात लेन्स भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मला याच्या नेमकं उलट सांगण्यात आलं. ‘सर, सहाशेला टू-एक्स लावा, बाराशे होतात. काठावरून फ्लेमिंगोचा डोळा दिसेल.’ सहाशे दुणे बाराशे हा हिशेब बरोबर आहे. पण उजेडाचा हिशेब त्या दुकानात कोणी करत नाही. टू-एक्स दोन स्टॉप खातो, म्हणजे उजेडाचा चौथा हिस्साच उरतो. एफ ६.३ ची लेन्स एफ १३ ची होते. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० शटर ठेवलं आणि नुसत्या लेन्सला आयएसओ ८०० लागत असला, तर टू-एक्स लावल्यावर तो ३२०० वर जातो आणि फोटो दाणेदार होतो. जानेवारीतल्या सकाळी सात-सव्वासातला, उजेड कोवळा असताना, सुरुवातच ३२०० ने होत असेल तर पुढचं सांगायलाच नको. मिररलेस कॅमेऱ्याला एफ १३ वरही फोकस होतो, हे खरं. पण होतो म्हणजे स्थिर बसलेल्या बगळ्यावर होतो. धुरकट पाण्यावरून सुरय उडत आला की फोकस पुढे-मागे फिरत बसतो आणि तोवर सुरय निघून जातो. डीएसएलआर असेल तर विषयच संपला. बहुतेक बॉडींचा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंतच भरवशाचा असतो. निकॉनच्या डी ७२०० सारख्या बॉडीत एफ ८ ला फक्त मधला एक पॉइंट उरतो, त्यापुढे तोही नाही.

आता मुख्य गोष्ट, जी कोणीच नीट सांगत नाही. ती म्हणजे हवा.

भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पाणी पसरट आणि उथळ, दोन्ही बाजूंना शेतं. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चिखल गाळत फिरतात आणि माणसापासून लांब राहतात. साहजिकच सगळे फोटो पाण्याला लागून, लांबवर, आडव्या कोनात काढावे लागतात. हीट हेज, म्हणजे तापलेल्या हवेने चित्र थरथरणं, सर्वांत वाईट असते ती नेमकी या जागी. ऊन वर आलं की काठाचा चिखल आणि शेतं तापतात, पाणी गार राहतं, आणि त्या दोन तापमानांच्या हवेची सरमिसळ तुमच्या लेन्स आणि पक्ष्याच्या मधल्या सगळ्या अंतरात चालू असते. व्ह्यूफाइंडरमध्ये मोठं करून पाहिलं तर रोहिताची मान तापल्या तव्यावरच्या हवेसारखी हलताना दिसते. याला शटर वाढवून उपाय नाही. १/४००० ने फक्त ती वेडीवाकडी कड जागच्या जागी गोठते.

आम्ही मित्र तिथे गेलो तेव्हा मला सर्वांत जास्त धक्का बसला तो पहाटेच्या वेळी. हीट हेज दुपारची असते अशी समजूत होती, आणि तसंच सगळे सांगतात. पण थंडीत पहाटे उलटा प्रकार होतो. पाणी हवेपेक्षा गरम असतं, त्यावरून वाफ निघते, आणि सूर्य उगवायच्या आधीपासूनच लांबचा पक्षी थरथरतो. धुकं डोळ्यांना दिसतं, थरथर दिसत नाही. फोटो घरी येऊन शंभर टक्क्यांवर पाहिल्यावर कळतं की पिसं नाहीतच, नुसता गुलाबी लगदा आहे. कन्व्हर्टर पक्ष्याबरोबर ही थरथरही दुप्पट मोठी करतो. लेन्सच्या काचेचा दोष असता तर एकदा छिद्र लहान करून भागलं असतं. हवेचा दोष कुठल्याही काचेने भागत नाही, लाखाची असो की दहा लाखांची. त्या सकाळी माझ्या शेजारच्या नावेत सहाशे एफ ४ घेऊन आलेले एक गृहस्थ होते. काठावर परतल्यावर त्यांनी स्क्रीनवर दाखवलेले लांबचे थवे माझ्याइतकेच मऊ होते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. स्थिर बसलेल्या पक्ष्यावर १/२००० ने दहा-पंधरा फोटोंची लड सोडा. काही तीक्ष्ण, काही मऊ आणि काहींत कड दुमडलेली असेल तर ती हवा आहे. सगळे सारखेच मऊ असतील तर लेन्सचा किंवा फोकसचा दोष शोधा. हवाच असेल तर कन्व्हर्टर काढा आणि जवळचे विषय घ्या. कवड्या खंड्या जाळ्यांच्या काठ्यांवर हटकून बसतो आणि नावेला फारसा भीत नाही. आणखी एक: रात्री गाडीत किंवा गरम खोलीत ठेवलेली लेन्स बाहेर काढताच लगेच फोटो काढू नका. गरम नळी आणि हूडमधली हवाच पहिली काही मिनिटं चित्र बिघडवते. पोचल्यावर लेन्स बाहेर काढून ठेवा, चहा घ्या, मग नावेत बसा.

जवळ जाणं हाच खरा उपाय, आणि तो नावाड्याच्या हातात आहे. दिकसळ आणि कुंभारगाव, दोन्हीकडून नावा निघतात. इंजिन लांबच बंद करून बांबूने नाव ढकलणारा नावाडी मिळाला तर तुमचं निम्मं काम झालं. पक्ष्यांच्या अंगावर सरळ जाऊ नका, तिरकं जायला सांगा, आणि माना वर झाल्या की थांबायला सांगा. माना खाली गेल्या की पुन्हा थोडं पुढे. यात वेळ जातो, पण पाचशेने जे मिळतं ते बाराशेने काठावरून कधीच मिळत नाही. मुद्दाम थव्यात नाव घालून रोहित उडवणारेही आहेत. ‘उडवून दाखवू का साहेब?’ असं विचारलं की स्पष्ट नाही म्हणा. हे पक्षी दिवसभर गाळून गाळून पोट भरतात, प्रत्येक उड्डाणात त्यांची ताकद जाते. आपण पैसे देतो म्हणून हा धंदा चालतो, आपण नाही म्हटलं की थांबतो. सीगलना शेव-फरसाण टाकून नावेभोवती गोळा करणंही तसंच. त्या फोटोंत पक्षी असतात, पण ते पक्षी फरसाण खात असतात. मला असले फोटो नकोत आणि तुम्हीही काढू नयेत असं मनापासून वाटतं.

पैशांचं सांगतो, कारण इथे माझं डोकं खरंच तापलं. दर नावेचा आहे की माणशी, किती वेळाचा आहे, आणि वेळ नावेत बसल्यापासून मोजणार की पक्ष्यांपर्यंत पोचल्यापासून, हे तिन्ही प्रश्न काठावरच विचारा. आम्हाला फोनवर सांगितलेला दर कॅमेऱ्याच्या बॅगा उघडल्यावर बदलला. मोठी लेन्स म्हणजे मोठा माणूस, असा काहींचा समज आहे. दुसऱ्या दिवशी बॅगा गाडीतच ठेवून आधी दर ठरवला, तर वेगळा नावाडी त्याहून कमी पैशांत, आणि बांबूने, तासभर जास्त फिरवून आला. असा माणूस भेटला तर वर खुशाल जास्त द्या.

लेन्सच्या भाड्याचंही तेच. दिवस कसा मोजतात ते लिहून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी उचललेली लेन्स सोमवारी सकाळी परत केली तर काही ठिकाणी चार दिवस लावतात. पुढची काच, मागची काच, माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) आणि कॉलर (ट्रायपॉडला जोडायची कडी) यांचे फोटो दुकानातच काढा. मला परत करताना एक जुना ओरखडा दाखवून अनामत कापायचा प्रयत्न झाला. उचलतानाचे फोटो होते म्हणून वाचलो. आणि कन्व्हर्टर तुमच्या लेन्सवर बसतो की नाही हे दुकानदारावर सोडू नका. सोनीच्या २००-६०० वर सोनीचा कन्व्हर्टर बसतो, सिग्माच्या सोनी माउंटवाल्या १५०-६०० वर बसत नाही. कॅनन-निकॉनच्या कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते, प्रत्येक लेन्सच्या मागे तिला जागा नसते. जोर लावून बसवायला गेलात तर दोन काचा एकमेकींवर आपटतील.

कॅननच्या १००-५०० चं वेगळं सांगायला हवं, कारण आमच्यातल्या एकाची सकाळ त्याने खाल्ली. त्या लेन्सला एक्स्टेंडर, म्हणजे कॅननचा कन्व्हर्टर, लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही. वन-पॉइंट-फोरने ४२० ते ७०० एवढाच पल्ला उरतो, तोही टोकाला एफ १० वर. ऑस्प्रे मासा घेऊन नावेच्या शेजारून गेला तेव्हा त्याच्या फ्रेममध्ये नुसता पंखाचा तुकडा आला. एक्स्टेंडर लावलेली ती लेन्स पूर्ण मिटत नाही, त्यामुळे बॅगेतही नीट बसत नाही.

मग कन्व्हर्टर घ्यायचा कोणी? ज्यांच्याकडे उजेडाची श्रीमंती आहे त्यांनी. ३०० एफ २.८ ला वन-पॉइंट-फोर लावला की ४२० एफ ४, टू-एक्स लावला की ६०० एफ ५.६. पाचशे एफ ४ ला वन-पॉइंट-फोर म्हणजे ७०० एफ ५.६. हे सगळं कामाचं आहे. आमच्यातल्या निकॉनवाल्या मित्राकडे जुनी ३०० एफ ४ पीएफ आणि वन-पॉइंट-फोर होता. लेन्सचं वजन पाऊण किलो, मिळतात ४२० एफ ५.६. नावेत सर्वांत चपळ तोच होता, आणि पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला तेव्हा सर्वांत चांगले फोटो त्यालाच मिळाले. दोन किलोंचं झूम सलग दोन तास हातात धरल्यावर दंड इतके भरून येतात की पक्षी डोक्यावर आला तरी लेन्स वर जात नाही. जे नवीन घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी पल्ल्याइतकंच वजनाकडे बघा.

कन्व्हर्टर न लावता नंतर कापून घेतलं तर काय बिघडतं, हाही प्रश्न स्वतःला विचारा. १.४ पट कापलं की पिक्सेल निम्मे राहतात. २४ मेगापिक्सेलचे १२ उरतात, ४५ चे साधारण २३. पंचेचाळीसवाल्यांना एफ ६.३ च्या झूमवर कन्व्हर्टरची काहीच गरज नाही, एक स्टॉप उजेड आणि फोकसचा वेग दोन्ही वाचतात. चोवीसवाल्यांनी सूर्य चांगला वर आल्यावर, हवा स्वच्छ असताना, जवळच्या स्थिर पक्ष्यावर वन-पॉइंट-फोर लावून पाहावा. एक फायदा मात्र खरा: कन्व्हर्टरने लेन्सचं कमीत कमी फोकस अंतर बदलत नाही, त्यामुळे काठावरचे चतुर आणि फुलपाखरं मोठी मिळतात. तेवढ्यासाठीच माझा वन-पॉइंट-फोर पुढच्या वेळीही येईल.

नावेत ट्रायपॉड नको. मोनोपॉडही इंजिन चालू असताना नको, थरथर सरळ लेन्समध्ये येते. लेन्स नावेच्या कडेवर टेकवू नका. फळीवर खाली बसा, कोपर गुडघ्यावर ठेवा. शटर १/१६०० च्या खाली आणू नका, स्टॅबिलायझेशन कितीही चांगलं असलं तरी, कारण नाव हलते आणि पक्षीही हलतो. कन्व्हर्टर काढणं-घालणं नावेत करू नका. वारा आणि पाण्याचे तुषार असतात, उघड्या सेन्सरवर एक थेंब पुरे आहे. काय लावायचं ते काठावर ठरवा.

दुसऱ्या दिवशी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचं गवताळ रान केलं. चिंकारा दिसले, खोकड दिसलं, गाडीतून आरामात. वनविभागाची सफारी ऑनलाइन नोंदवता येते. तिथेही नऊनंतर हवा उकळते, तेव्हा पहाटेचीच वेळ घ्या. जेवणात चिलापी मासा खा.

कधी जायचं? पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात धरण तुडुंब असतं, उथळ चिखल पाण्याखाली असतो आणि रोहित विखुरलेले असतात. पाणी उतरू लागलं की ते येतात, म्हणजे जानेवारीचा शेवट ते मार्च. निघण्याआधी नावाड्याला फोन करून ‘पक्षी आहेत का’ असं विचारू नका, उत्तर नेहमी हो असतं. ‘पाणी किती उतरलंय, बांबू टेकतो का’ असं विचारा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर आहे. पहाटे चारच्या आत निघा, पाटसच्या टोलपुढे उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा न लावता चालतात, तिथे वेग कमी ठेवा. सूर्य उगवताना नावेत असायचं असेल तर आदल्या रात्री कुंभारगावात मुक्काम करणं सर्वांत बरं.