मागे आलेली गाडी

भाचीने वही माझ्यापुढे सरकवली. "मामा, बघ ना. तीनदा केलं, तरी चुकतंय."

गणित चार ओळींचं. गाडीचा वेग सेकंदाला 20 मीटर. ब्रेक लावल्यावर तो दर सेकंदाला 5 मीटरने कमी होतो. ब्रेक लावल्यापासून 6 सेकंदांत गाडी किती अंतर कापेल? तिने अंतराचं सूत्र, 'एस बरोबर यूटी अधिक अर्धा एटी वर्ग' (एस अंतर, यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, टी वेळ), लिहून आकडे घातले होते. 120 वजा 90, उत्तर 30 मीटर. पुस्तकाच्या मागे मात्र 40.

गुणाकारात चूक नव्हती, मग ती सापडणार कुठून? गाडी चौथ्या सेकंदालाच 40 मीटरवर थांबली होती. पुढचे दोन सेकंद ती बिचारी जागच्या जागी उभी होती आणि सूत्र तिला मागे ओढत होतं. पाचव्या सेकंदात अडीच मीटर, सहाव्यात आणखी साडेसात. ब्रेक दाबून धरला की गाडी रिव्हर्समध्ये जाते, असा सूत्राचा ठाम समज.

मला अशी गणितं फार आवडतात. लोक शब्दकोडी सोडवतात, मी ठोकळे उतारावरून घसरवतो. त्या जगात दोरीला वजन नसतं, कप्पी कुरकुरत नाही, हवा रजेवर असते. एवढी सोय करून दिलेली असूनही माणूस चुकतो, आणि बहुतेक वेळा एकाच जागी चुकतो.

भाचीने लगेच उलट प्रश्न टाकला. "मग वर फेकलेला चेंडू? तो तर खरंच मागे येतो!" अगदी बरोबर. 20च्याच वेगाने सरळ वर फेकला आणि जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 10 धरला, तर दुसऱ्या सेकंदाला तो माथ्यावर पोचतो, चौथ्या सेकंदाला परत हातात. तेच सूत्र तिथे इमानदारीने चालतं. कारण माथ्यावर वेग क्षणभर शून्य झाला तरी गुरुत्वाकर्षण सुट्टी घेत नाही. त्या क्षणीही त्वरण खाली 10च असतं. (माथ्यावर त्वरण शून्य असतं, असं परीक्षेत मी बाणेदारपणे लिहून आलो होतो.) गाडीला ब्रेक थांबवतो तो घर्षणाने, आणि घर्षणाचा स्वभाव वेगळा. ते फक्त अडवतं. अडवायला काही उरलं नाही की गुमान नाहीसं होतं.

हे तिला पटावं म्हणून मी सपाट जमिनीवर 2 किलोचा ठोकळा ठेवला, म्हणजे वहीत. घर्षणांक (घर्षणाची कमाल मर्यादा वजनाच्या किती पट, तो आकडा) 0.5, ओढ 3 न्यूटनची. तिने घर्षण काढलं 10 न्यूटन आणि स्वतःच हसली. मी पुढे ओढायचं आणि ठोकळ्याने मागे पळायचं! ते 10 म्हणजे घर्षणाची कमाल मर्यादा. 3ने ओढलं तर ते 3नेच अडवतं, ठोकळा हलत नाही.

मग आम्ही उष्णतेच्या धड्याकडे वळलो. 80 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा 200 ग्रॅम बर्फ टाकला. बाहेर उष्णता जात नाही, भांडं काही शोषत नाही. अंतिम तापमान? पाण्याने दिलेली उष्णता एका बाजूला, बर्फाने घेतलेली दुसऱ्या बाजूला. बर्फ वितळायला ग्रॅममागे 80 कॅलरी, शिवाय वितळलेलं पाणी तापायला लागेल ती वेगळी. भराभर मांडणी झाली आणि उत्तर आलं उणे 26.7 अंश.

"गरम पाणी ओतून मी बर्फ आणखी गार केला," ती म्हणाली.

इथेही गाडी मागेच आली होती. सगळा बर्फ वितळणार, हे सूत्राने न विचारता धरून चालवलं होतं. पण 200 ग्रॅमला लागतात 16,000 कॅलरी, आणि पाणी शून्यापर्यंत उतरलं तरी त्याच्याकडे द्यायला 8,000च. या 8,000 कॅलरी जातात अप्रकट उष्म्यात, म्हणजे तापमान न वाढवता नुसतं वितळवणाऱ्या उष्णतेत; जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने ती 18व्या शतकात ओळखली. बर्फ वितळत राहतो, तापमापीचा पारा ढिम्म.

भाचीने उणे 26.7वर काट मारली आणि शून्य लिहिलं. मी वही मिटायला गेलो तर तिने हात धरला.

"थांब, उरलेला बर्फ?"

"किती?"

"100 ग्रॅम," म्हणाली, आणि तेही खाली लिहून ठेवलं. पुस्तकाने ते विचारलं नव्हतं.