तुम्ही विचारलंत म्हणून: फिट की अनफिट?

"सर, ते आकडे राहू द्या. एका शब्दात सांगा, मी फिट आहे की नाही?"

मी डॉक्टर नाही, लोकांची फिटनेसची तपासणी करतो. तपासणी संपल्यावर, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर आठवडे बाजारात भरताची वांगी निवडताना हा प्रश्न मला विचारला गेलाय. मी दर वेळी एका शब्दात उत्तर देत नाही. त्यामुळे भुसावळात माझ्याबद्दल दोन मतं आहेत. पहिलं, याला स्वतःलाच काही कळत नाही. दुसरं, तीन महिन्यांची फी मिळावी म्हणून हा माणसाला मुद्दाम टांगून ठेवतो. दुसरं मत माझ्या सख्ख्या मामेभावाचं आहे, आणि तो ते माझ्यासमोर बोलतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी या शब्दाचं बघू. आपल्याकडे फिट येते ती मिरगी, फिट होतो तो शर्ट. पण भुसावळात हा शब्द व्यायामशाळेतून आलेलाच नाही, तो रेल्वेच्या मेडिकलमधून आलाय. ज्यांच्या घरात कुणी गाडीवर होतं त्यांना सांगायला नको. गाडी चालवणाऱ्यांची ए-वन कॅटेगरी, ठरावीक वर्षांनी येणारं मेडिकल, आदल्या रात्रीची झोपमोड, आणि मग एक शिक्का. फिट म्हणजे गाडीवर, अनफिट म्हणजे गाडीवरून खाली. मधलं काही नाही. तो शिक्का डॉक्टरांचा आणि एका ठरावीक कामापुरता. माझ्याकडे येणारी माणसं मात्र त्याच शिक्क्यासाठी हात पुढे करतात, आणि तो सगळ्या आयुष्यासाठी चालावा असं त्यांना वाटतं.

पोलीस भरतीची पोरं परवडली. त्यांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळा एवढंच हवं असतं. छाती 79 आणि फुगवून 5 सेंटिमीटर वाढली की ती खूश. चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणाऱ्या मावशींनाही फक्त गुडघा तिथवर साथ देईल का, एवढंच विचारायचं असतं. कशासाठी फिट, ते त्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पंचेचाळिशी ओलांडलेल्या, काही दुखत नसलेल्या, बायकोने ढकलून पाठवलेल्या माणसांचा.

आता खरं सांगतो. मला हा शब्द पूर्वी फार आवडायचा. माझ्या जुन्या वह्यांमध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईने 'उत्तम', 'बरा', 'सुधारणा हवी' असं लिहिलेलं आहे, आणि 'उत्तम'पुढे चांदणी. कोर्स नुकताच झाला होता, भिंतीवर तक्ते होते. माणसाला खुर्चीत बसवून "तुम्ही फर्स्ट क्लास आहात" म्हणताना त्याचा चेहरा कसा फुलतो, ते बघण्याची चटक लागते. त्या वयातल्या मला कुणी सांगितलं असतं की चांगली बातमीसुद्धा जपून द्यावी लागते, तर मी हसलो असतो. वाईट बातमी कशी सांगायची यावर आम्हाला अख्खा तास शिकवला होता. चांगल्या बातमीवर पाच मिनिटंही नाही.

2018 चा फेब्रुवारी. नाना म्हणू त्यांना. वय 61, रेल्वेतून निवृत्त, मूळचे अमळनेरकडचे, घरात अहिराणी. मुलाने आणून सोडलं. फॉर्मवर 'काही आजार?' अशी एक ओळ होती, तिच्यापुढे नानांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. बीपी 128/82. पोटाचा घेर 102 सेंटिमीटर. आपल्या लोकांत पुरुषाचा 90 च्या पुढे गेला की जपायला हवं. विश्रांतीची नाडी 54.

मग पायरीची चाचणी. सुताराकडून बनवून घेतलेला बारा इंचांचा पाट, मोबाइलवर मिनिटाला 96 ठोक्यांची टिकटिक, त्या तालावर तीन मिनिटं वर-वर-खाली-खाली, आणि थांबल्याबरोबर खाली बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. नाना तालात चढले. दुसऱ्या मिनिटाला मला म्हणतात कसे, "सर, हे तं आमचं रोजचंच व्हतं." बसले. मी मनगटावर बोटं ठेवली. 74.

मी परत मोजायला हवं होतं असं नाही. 74 बरोबरच होते. तक्त्यात त्या वयाच्या सगळ्यात वरच्या ओळीत ते बसत होते. मी लाल पेन काढलं, 'उत्तम' लिहिलं, चांदणी काढली आणि म्हणालो, "नाना, तुमचं हार्ट म्हणजे फर्स्ट क्लास. चाळिशीतल्या माणसाचं असावं तसं." हे 'चाळिशीतल्या' मी उगाच जोडलं. तक्त्यात तसं काही नव्हतं. बरं वाटावं म्हणून म्हणालो.

बारा-तेरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे छातीत कळ आली, जळगावला नेलंय. मी दुपारी गेलो. आयसीयूच्या बाहेर नानांच्या घरच्या, त्यांना मी काकू म्हणतो, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्हीच बोलले ना, फर्स्ट क्लास आहे म्हणून?" आवाजात राग नव्हता. जे घडलं ते आपण बरोबर ऐकलंय ना, एवढंच त्या पडताळून बघत होत्या. मग पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यापुढे धरली. एक पाकीट निम्मं भरलेलं. "तुमचा कागद कॅलेंडरशेजारी चिकटवला, आणि दुसऱ्या दिवसापासून ही बंद केली. बोलले, सरांनी मशीन लावून पाह्यलं, माले काय व्हयनं?"

मशीन कुठली, दोन बोटं आणि घड्याळ.

त्या पाकिटावर मेटोप्रोलॉल लिहिलं होतं. ही बीपीची गोळी हृदयाला ब्रेक लावते. ठोके संथ करते आणि मेहनत केली तरी फार वाढू देत नाही. म्हणजे मी त्या दिवशी नानांची परीक्षा घेतलीच नव्हती, गोळीची घेतली होती. आणि गोळी पहिल्या वर्गात पास झाली. 128/82 सुद्धा गोळीचंच. आणि ही गोळी अचानक सोडायची नसते. सोडली की दबून राहिलेलं सगळं एकदम उसळून येऊ शकतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं लिहायला बरं वाटेल, पण ते कोर्सच्या पुस्तकात होतं. मी त्यावर पिवळी रेघसुद्धा मारली होती.

माझ्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे, आणि ते मी बोललोही. फॉर्मवर प्रश्न होता. 'नाही' त्यांनी लिहिलं, सही त्यांची. गोळी बंद करा असं मी म्हणालो नव्हतो. मी डॉक्टर नाही, हे भिंतीवर लिहिलेलं आहे. हृदयाच्या डॉक्टरांनीही मला सांगितलं, की गोळी सोडल्यामुळेच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही, रक्तवाहिनी आधीपासून चोंदलेली होती. स्टेंट पडला, नाना घरी आले. कुणी मला दोष दिला नाही. मामेभाऊ तेवढा म्हणाला, "तुला काय गरज होती बोलायची?"

पण तो कागद काढून बघतो तेव्हा यातलं काहीच टिकत नाही. एकाच पानावर दोन आकडे शेजारीशेजारी आहेत: पोट 102, नाडी 54. जो माणूस निवृत्तीनंतर दूध आणण्यापलीकडे चालत नाही, ज्याचं पोट पट्ट्यावरून ओघळतंय, त्याची नाडी पळणाऱ्या पोरासारखी 54 कशी? हे दोन आकडे एकमेकांना ओळखही देत नव्हते. विचारायला एक वाक्य पुरलं असतं: "नाना, सकाळी काय काय घेता?"

आणि नाना खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी बीपी हा आजार नव्हताच. गोळी घेतली की ते नसतंच. शिवाय सगळं आयुष्य नोकरीत काढलेलं. कागद घेऊन मोजायला बसलेल्या माणसापुढे गोळीचं नाव काढायचं नाही, ही सवय निवृत्तीबरोबर सुटत नाही.

आता माझ्या फॉर्मवर 'काही आजार?' नाही. कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची एक जुनी यादी जगभर वापरतात, तीत बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का, असा वेगळा प्रश्नच आहे. मी तो आणखी आपल्या वळणाचा केलाय. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा म्हणतो. लोक सांगतात: पाणी, चहा, ती एक छोटी गोळी, मग पोहे. आणि गोळ्यांची पिशवी घेऊनच या, असा निरोप आधी जातो. नाडी मंदावणारी गोळी असेल तर पायरीनंतरची नाडी मी मोजत नाही. धाप किती लागली, बोलता येतं का, ते बघतो. पिशवीत शंका आली तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग पाट.

ते वजनकाट्यासारखं मशीन, पायातून बारीक करंट सोडून चरबी सांगणारं, तेही कोपऱ्यात गेलं. ते 'शरीराचं वय' छापायचं. मे महिन्यात केळीच्या बागेतून घामाने निथळून आलेल्या माणसाला ते जास्त चरबी दाखवतं, कारण अंगात पाणी कमी असलं की करंट अडतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिऊन आला की आकडा वेगळा. 'वय 58' वाचून एका चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने आठवडाभर जेवण अर्ध्यावर आणलं, तेव्हा मी त्या मशीनचं बटण बंद केलं.

त्याऐवजी सुतळी. माणसाला भिंतीला उभं करून त्याच्या उंचीएवढी सुतळी कापायची, तिची बरोबर निम्म्यावर घडी घालायची आणि त्याच्याच हातात द्यायची: लावा पोटाभोवती. टोकं जुळली तर ठीक. नाही जुळली तर मधे किती बोटं राहिली ते त्याने स्वतः मोजायचं. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा, एवढाच तो हिशेब. बायकांना सुतळी माझी बायको देते. ही सुतळी लोक घरी नेतात. कागद भिंतीवर जातो, सुतळी खिशात राहते. बारीक माणसालाही मी ती लावायला सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला फोटो मी भिंतीवर लावलाय. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1. "आमचा पोरगा काडीसारखा आहे, त्याला कसली तपासणी" म्हणणाऱ्या बापाला मी त्या फोटोपुढे नेऊन उभं करतो.

निकाल आता वाक्यात लिहितो. 'तीस सेकंदांत खुर्चीवरून हात न टेकता अकरा वेळा उठलात. सुतळी चार बोटं कमी पडली. तीन महिन्यांनी परत.' खाली विशेषण नाही, चांदणी नाही.

हे सगळं शहाण्यासारखं वाटतंय ना? मलाही वाटायचं. मग एक शाळेतल्या बाई आल्या, पन्नाशीच्या. मी असाच कागद दिला, दहा मिनिटं समजावलं, त्या मान हलवत गेल्या. महिन्याने कळलं, त्या रात्र-रात्र झोपत नव्हत्या. मी 'चांगलं आहे' म्हणालो नाही, म्हणजे काहीतरी लपवलं, असं त्यांनी धरलं. दोन डॉक्टर केले, पैसे घातले, निघालं काहीच नाही. मला येऊन म्हणाल्या, "मुलांच्या प्रगतिपुस्तकात आम्ही शेरा लिहितोच ना हो? आईबाप आधी तोच वाचतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नानांना मी शब्द दिला तर त्यांनी गोळी टाकली. बाईंना नाही दिला तर त्यांनी झोप टाकली. मग शब्द द्यावा की नाही? काही दिवस मी माणूस बघून ठरवत होतो. पण माणूस बघून ठरवण्यात मी किती हुशार आहे, ते फेब्रुवारी 2018 मध्ये दिसलंच होतं.

गेल्या महिन्यात नानांची सून तपासणीला आली. न सांगता पिशवी घेऊन आली, आणि त्यात सगळ्या घराच्या गोळ्या होत्या, नानांच्यासुद्धा. म्हणाली, "ते म्हणाले, सरांना सगळंच दाखव." खुर्चीवरून पंधरा वेळा उठली. सुतळी दोन बोटं कमी पडली. कागद लिहून हातात दिला, एकेक ओळ वाचून दाखवली. तिला सगळं नीट कळलं, उलट तिनेच मला ते परत सांगितलं. मग दाराशी थांबली.

"पण सर, घरी गेल्या गेल्या नाना विचारतील, फिट का अनफिट? काय सांगू?"

"सांगा, सरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलंय."

"म्हणजे अनफिट," ती म्हणाली, आणि गुडघे जराही न वाकवता खाली वाकून चपलेचा बंद लावू लागली.