तापमान-नियंत्रित सोल्डरिंग आयर्न निवडताना

६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर (जोड देण्यासाठी वितळवायचा मिश्रधातू) १८३ अंश सेल्सिअसला वितळते. तरीही आयर्नचे टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवावे लागते, कारण स्पर्श होताच सर्किट बोर्डावरचे तांबे आणि घटकाची तार उष्णता वेगाने ओढून घेतात. म्हणूनच, माझ्या मते, कमाल तापमानाच्या आकड्यापेक्षा टोक गमावलेली उष्णता किती लवकर भरून काढते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. साधे २५ वॉटचे आयर्न नुसते ठेवले असताना अतिशय तापून काळवंडते आणि ग्राउंडच्या, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भागाला जोडलेल्या, सांध्यावर मात्र कमी पडते. हाक्को या जपानी कंपनीच्या टी१२ प्रकारच्या बिटमध्ये (बदलता येणाऱ्या टोकामध्ये) हीटर आणि तापमानाचा सेन्सर टोकाजवळच एकत्र बसवलेले असल्यामुळे ही भरपाई फार चटकन होते. नव्याने शिकणाऱ्यांना मी हाच प्रकार आग्रहाने सुचवतो.

अणकुचीदार टोकाचा मोह टाळून सुमारे २.४ मिलिमीटर रुंदीचे, छिन्नीच्या आकाराचे टोक घ्यावे. तीन पिनांच्या प्लगचे अर्थिंग खरोखर टोकापर्यंत पोहोचते का, हे मल्टिमीटरने अवश्य तपासावे, कारण टोकावर येणारा गळतीचा व्होल्टेज मॉसफेटसारखे (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) नाजूक घटक निकामी करू शकतो.