गोट की मुडप?

भाचीच्या बाळाची गोधडी भरून झाली आणि गाडं अडलं ते काठावर: वेगळी पट्टी लावून गोट करायचा की अस्तरच मुडपायचं? आईची रीत म्हणजे खालचं लुगडं दोन बोटं जास्त ठेवायचं आणि तेच वर मुडपून हेम घालायची. सोपं आहे, पण कड झिजली की अस्तरच फाटतं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या जुन्या महेश्वरीचा काठ लाव की!" दिसला असता झकास, पण त्याची जरीची तार बाळाच्या गालाला टोचणार. उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली पट्टी गोलाईला हवी. माझी गोधडी सरळ चौकोनी, उगाच कापड कशाला खायचं?

शेवटी क्लॉथ मार्केटातून अर्धा मीटर लाल कॅम्ब्रिक आणलं (दुकानदार "बस इतना ही?" म्हणाला, म्हणू दे). २.५ इंची आडव्या पट्ट्या, लांबीत दुमडून दुहेरी. वरून मशीनची टीप, मग मागे वळवून हातशिलाई.

कोपऱ्यावर पाव इंच आधी थांबायचं, पट्टी तिरकी वर दुमडायची, परत खाली आणायची. पहिला कोपरा थेट सामोसा झाला! उसवला, दुसऱ्यांदा जमला.

तीन कोपरे बाकी आहेत आणि सुईत दोरा ओवायला घरात कुणी सापडत नाहीये.