लँगोलेन कालवा: वाहत्या पाण्याविरुद्ध ७४ किलोमीटर

आपल्याकडे आवर्तन सुटलं की कालवा वाहतो. इंग्लंडातले बोटींचे कालवे बहुतेक साचल्या पाण्याचे. लँगोलेन त्यातला अपवाद. वेल्समध्ये डी नदीवर थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेल्या हॉर्सशू फॉल्स बंधाऱ्यातून रोज सुमारे ५ कोटी लिटर पाणी याच कालव्यातून इंग्लंडच्या टोकाला असलेल्या हर्लस्टनच्या जलाशयाकडे जातं. १९४४ च्या कायद्याने इथली नौवहनाची जबाबदारी संपली, तरी या पाण्यापायी कालवा बुजवला गेला नाही. हर्लस्टनहून लँगोलेनला जाणारी बोट मात्र सगळा वेळ प्रवाहाविरुद्ध चालते. म्हणून जाताना आम्ही चार दिवस धरतो, येताना तीन.

बोट म्हणजे नॅरोबोट, लांबट अरुंद बोट: रुंदी ६ फूट १० इंच. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. त्याची रुंदी जेमतेम ७ फूट. बाजूचे फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे लोंबते पॅड, लॉकआधी वर ओढून घ्यायचे, नाहीतर बोट भिंतीत अडकते. वेगमर्यादा ताशी ४ मैल, पण उथळ, अरुंद जागी तेवढाही वेग मिळत नाही. थ्रॉटल वाढवलं तर मागची बाजू खाली बसते, लाट काठावर फुटते आणि बोट जागच्या जागी. अशा वेळी थ्रॉटल कमी केलं तरच बोट पुढे सरकते. नवख्यांना हे पटत नाही.

एकूण २१ लॉक, सगळे हातानेच चालवायचे. चढताना आधी लॉक रिकामा आहे ना ते पाहा. बोट आत घ्या, खालचे दरवाजे लावा, खालच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा पूर्ण बंद झाल्याची खात्री करा. मग विंडलास, म्हणजे काटकोनातलं लोखंडी हँडल, लावून वरच्या बाजूची जमिनीतली झडप अर्धीच उघडा. बोट स्थिर झाली की पूर्ण. वरच्या दरवाजात झडप असेल तर ती पाण्याखाली गेल्याशिवाय उघडू नका. धार थेट बोटीच्या पुढच्या भागात पडते. हँडल दांड्यावर तसंच सोडून जाऊ नये. अडकवणारी खुंटी सुटली तर ते गरगर फिरतं, हात मोडतो.

उतरताना धोका वेगळा. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. काठावरच्या पांढऱ्या रेघेने त्याची हद्द दाखवलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढेच हवं. ते उंबरठ्यावर टेकलं की पाणी उतरताना बोट पुढे कलंडते आणि बुडते. असं होताना दिसलं तर क्षणात खालच्या झडपा पाडायच्या, मग वरच्या उघडून लॉक परत भरायचा. दोर कधीही घट्ट बांधायचा नाही, हातात सैल धरायचा.

जादा पाणी लॉकच्या बाजूने खाली सोडलेलं असतं. ते लॉकच्या खालच्या तोंडाशी आडवं येऊन बोटीचं नाक ढकलतं. चढताना तिथं हळू गेलात तर भिंतीवर आदळता. थोडा जोर ठेवून, धारेच्या बाजूला किंचित नाक धरूनच आत शिरायचं.

ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक आहेत. चढताना आधी तीन सुटे, मग तीन एकाला एक जोडलेले. जोडलेल्यांत चढताना खालचा रिकामा आणि वरचे दोन भरलेले हवेत. मधला रिकामा राहिला तर खालच्यात सोडायला पाणीच नसतं. हंगामात तिथं लॉककीपर असतो. त्याला विचारल्याशिवाय झडपेला हात लावू नये.

न्यू मार्टनच्या दोन लॉकनंतर लॉक संपतात. चर्कचा १८०१ चा जलसेतू ओलांडला की लगेच ४२१ मीटरचा बोगदा. रुंदी एकाच बोटीची, त्यात प्रवाह समोरून. बोट अक्षरशः रांगते. पलीकडून दिवा दिसत नाही ना, ते पाहूनच शिरा. पुढे पॉन्टकिसिल्टे: १८०५ चा, ३०७ मीटर लांब, नदीपासून ३८ मीटर उंच. पाणी लोखंडी पन्हाळीत. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पन्हाळीची कडा पाण्यापेक्षा जेमतेम वर, पुढे थेट पोकळी. मुलं बोटीच्या आत हवीत.

जलसेतूपलीकडच्या ट्रेव्हरला वळल्यावर शेवटचे काही मैल सर्वांत अवघड. खडकात कोरलेल्या अरुंद भागांत दोन बोटी मावत नाहीत. एकाला फोन घेऊन पायवाटेने पुढे पाठवा, वाट मोकळी असल्याचं कळलं की मगच आत जा. समोरून येणारी बोट प्रवाहाबरोबर येते, तिला थांबणं कठीण.

बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) प्लॅस्टिक किंवा दोर अडकला तर आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग मागे पंख्यावरचं झाकण उघडून हाताने सोडवायचं. झाकण पुन्हा घट्ट बसलंय का, हे इंजिन चालू करण्याआधी दोनदा पाहा. सैल राहिलं तर पंख्याने उसळलेलं पाणी इंजिनखोलीत भरतं.

लँगोलेनला बोटी लावायच्या तळापलीकडे इंजिनाच्या बोटी नेता येत नाहीत. तिथून हॉर्सशू फॉल्सपर्यंत पायवाटेने जा.