खांद्यावरचा तोल: आमची वाटचाल

आम्ही मूळचे हायड्रॉलिक सिलिंडरच्या नळ्या बनवणारे. खांद्यावरून डागायच्या शस्त्रांच्या सराव-नळीची ऑर्डर आली तेव्हा मला वाटलं, नळी ती नळी, त्यात काय!

पहिला नमुना काट्यावर अगदी बरोबर वजनाचा भरला होता. तपासायला आलेल्या प्रशिक्षकांनी तो खांद्यावर घेतला, डोळे मिटले, दोन पावलं चालले आणि खाली ठेवला. म्हणाले, ‘‘साहेब, हा पाइप आहे.’’ तोल चार बोटं पुढे गेला होता. वजनकाट्याला ते कळत नाही, खांद्याला कळतं. मग मागच्या टोकाला शिशाच्या कड्या बसवत, काढत आठवडा गेला.

खरं शस्त्र असताना खोटं कशाला, असं पुष्कळजण विचारतात. गोळा महाग हे आहेच. पण खांद्याला धक्का बसू नये म्हणून या शस्त्रात वायूचा झोत मागे सोडलेला असतो, आणि त्या स्फोटाचा दाब डागणाऱ्यालाही सोसावा लागतो. त्यामुळे एका माणसाने दिवसात किती फैरी झाडायच्या यावर बंधन असतं. म्हणून कार्ल गुस्ताफ या खांद्यावरून डागायच्या 84 मिलिमीटरच्या शस्त्रात 7.62 मिलिमीटरची ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ दाखवणारी, गोळी झाडणारं सराव-साधन घालतात. एटी-4 या तशाच दुसऱ्या शस्त्रासाठी 9 मिलिमीटरची ट्रेसर असते. तिची वाट मोठ्या गोळ्याशी जुळती ठेवलेली, त्यामुळे नेम आणि चालत्या गाडीपुढे किती धरायचं ते हाताला बसतं. मागे उभ्या असलेल्याला घातक ठरणारा झोत मात्र शिकवायचा राहून जातो.

तिथे आम्ही हुशारी केली. नळीच्या मागे सेन्सर लावला. कुणी मागे उभं असेल तर ट्रिगर जाम. मला भारी अभिमान. त्याच प्रशिक्षकांनी पाणी ओतलं: ‘‘खरं शस्त्र जाम होतं का? पोरं मागे बघायचीच सोडतील.’’ खरंच होतं ते. कुलूप काढलं. आता ट्रिगर दाबला जातो, भोंगा वाजतो आणि मागच्याच्या जॅकेटवरचा लाल दिवा लागतो. पहिल्या चाचणीत तो दिवा लोडरच्या, म्हणजे गोळा भरणाऱ्या साथीदाराच्या, छातीवर पेटला. कुणी हसलं नाही.

मधली वर्षं बिलांच्या मागे धावण्यात गेली, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आताची अडचण उलटी आहे. कार्ल गुस्ताफची एम2 ही आवृत्ती 14 किलोच्या वर होती, 1991 ची एम3 साधारण 10 किलो, 2014 ची एम4 सात किलोच्या आत. खरं शस्त्र हलकं होत चाललंय आणि आमचे सेन्सर, बॅटरी, तारा तेवढ्याच वजनाच्या. शेवटी बॅटरी मागच्या टोकाला नेली, तिचाच तोल केला. शिशाच्या कड्या कपाटात पडून आहेत. एक माझ्या टेबलावर कागद दाबायला.