गाडीची वही

माझ्या गाडीची एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेत लेकरांकडं असते तसलीच. पहिल्या पानावर लिहिलंय: जानेवारी २०२२, वॅगनआर, २०१६ चं मॉडेल, ५८,००० किलोमीटर, रुपये २,८५,०००. त्याखाली पेट्रोल, हवा, पंक्चर, विमा, सगळं. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार!

गाडी घेतली ती हौसेनं नाही. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि लांबतच गेला. लातूरहून औशाच्या पुढं माझी जिल्हा परिषदेची शाळा, एका बाजूनं २७ किलोमीटर. काळी-पिवळीत मी चौथ्या सीटवर सहावी बसून दोन महिने काढले. मग एक दिवस मीच घरात म्हणाले, गाडी घ्यायची. यांनी लगेच धाकट्या भाऊजींना फोन लावला. गाडी मी चालवणार, पैसे माझ्या पगारातले, पण सल्ला भाऊजींचा. आमच्याकडं असंच असतं.

भाऊजींचं मत ठरलेलं होतं. "वहिनी, जुनी कशाला? लोक काय म्हणतील? मोठी घ्या, हप्त्यावर घ्या." त्यांनी स्वतः तेव्हा चौदा लाखांची डिझेल एसयूव्ही बुक केली होती, दहा लाख कर्ज, सात वर्षं, ९ टक्के. मी त्यांच्यासमोरच मोबाइलवर हिशोब केला. हप्ता सोळा हजारांच्या वर, आणि ८४ हप्त्यांत साडेतीन लाख नुसतं व्याज. भाऊजी म्हणाले, "तुम्ही लईच मास्तरकी करता."

जुनी गाडी बघायला सोबत कोण, तर आमच्या गल्लीच्या तोंडाला गॅरेज असलेले मामा. एका एजंटाकडची पांढरी वॅगनआर आम्हा दोघांनाही आवडली होती. नवी काच, चकचकीत रंग, सीटला नवीन कव्हर. मामांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हर सीटचा बेल्ट पुढं ओढत ओढत पार टोकापर्यंत बाहेर काढला. तळाशी एक छोटी पांढरी चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर बेल्ट कधी बनला ते छापलेलं असतं. गाडी २०१६ ची, बेल्ट २०१९ चा. मामा एजंटाला काही बोलले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "चला मॅडम, चहा घेऊ." टपरीवर गेल्यावर सांगितलं की बेल्ट उगीच कुणी बदलत नाही, गाडी कुठंतरी चांगलीच ठोकलेली असणार. तेव्हापासून कुणी जुनी गाडी घेतो म्हणालं की मी आधी बेल्ट ओढून बघायला सांगते. आणि गाडी सकाळी थंड असताना बघायला जा. आधीच चालू करून गरम ठेवलेलं इंजिन खोटं बोलतं.

शेवटी बदली होऊन चाललेल्या एका बँकवाल्यांची चंदेरी गाडी घेतली. काच, बेल्ट, टायर सगळं जिथल्या तिथं. बंपरवर एक खरवड होती. ती मी अजून तशीच ठेवलीय, पार्किंगमध्ये गाडी लांबून ओळखू येते.

आता किमतीचं. नवीन गाडीची किंमत कशी उतरते ते कुठं शोधायची गरज नाही, विम्याच्या कागदावर आयडीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत. पहिले सहा महिने ५ टक्के घट, वर्ष भरेपर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात सरळ निम्मी. हे शोरूमच्या किमतीवर. रोड टॅक्स भरलेला असतो तो यात धरतच नाहीत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्यांबरोबर आमच्या जुन्यांचे भावही खाली बसले. मला आज कुणी एक साठ देईल. मामा एक सत्तर म्हणतात, पण ते प्रेमानं.

परवा सुट्टीत वहीची बेरीज केली. चार वर्षांत ५६,००० किलोमीटर. पेट्रोल ३,५२,०००. मला धक्काच बसला, गाडीपेक्षा पेट्रोल महाग पडलंय! टायर, सर्व्हिसिंग, विमा, क्लच मिळून १,१५,०००. किमतीतली घट सव्वा लाख. सगळं धरून किलोमीटरला साडेदहा रुपये. भाऊजींची गाडी दारात ताडपत्रीखाली असते, वर्षाला सहा हजार किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. पहिल्या तीन वर्षांची घट आणि व्याज धरलं तर किलोमीटरला ४० रुपये, डिझेल वेगळं. हे मी त्यांना सांगितलं नाही. जाऊबाईंना सांगितलं.

तसं मला हौसेचं वावडं नाही. २०१० मध्ये औरंगाबादच्या लोकांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या, तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक तोंडात बोट घालून बघत होते. मला तेव्हाही त्यात गंमत वाटली ती घाऊक भावाची. मर्सिडीजसुद्धा आडतीत घेतल्यासारखी घ्यायची! मराठवाडा मागास म्हणून ऐकून घेतलेल्या माणसाला एकदा दारात असं काही उभं करावंसं वाटतं, ते मला कळतं.

कळत नाही ते सनरूफ. मे महिन्यात ४२ डिग्रीत लातूरला छपराला काच हवी कशाला? वापर एकच दिसतो, वरातीत लेकरं कमरेपर्यंत बाहेर काढून नाचवायची. ब्रेक मारला की काय होईल याचा विचार बापालाही नसतो. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये बंदी घातली, आमच्याकडं ती अजून 'थोडी लाइट' लावून मिळते. नंबरप्लेटवरचा ४१४१ चा 'दादा' मात्र एचएसआरपी या सक्तीच्या एकसारख्या पाट्यांनी घालवला. त्याचं थोडं वाईट वाटतं, अक्षर छान काढायचे पोरं.

माझ्या चुका वहीत लाल पेनानं आहेत. पहिली: क्लचप्लेट, अकरा महिन्यांत. मी डावा पाय सारखा क्लचवर टेकवून चालवायची. मामा प्लेट हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, ते पायदान नाही." दुसरी चूक भाऊजींकडून शिकलेली. तुळजापूरच्या घाटात उतारावर गाडी न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं म्हणून. जुन्या कार्बोरेटरच्या जीपांत वाचत असेल. आताच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, न्यूट्रलमध्ये उलट ते चालू राहायला पितं. आणि गाडी धरून ठेवायला नुसते ब्रेक उरतात.

रात्रीचं मी शक्यतो चालवत नाही. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना ना दिवा ना लाल पट्टी. समोरून अप्पर टाकून कुणी आलं की डोळे दिपतात आणि पुढची ट्रॉली अंधारात विरघळते. एकदा पंधरा फुटांवर थांबले. त्या दिवशी वहीत काहीच खर्च नव्हता, तरी मी तारीख लिहून ठेवली.

औशाहून दोघी मॅडम माझ्याबरोबर चढतात. सुलभा मॅडम रोज मागच्या सीटवर डबा उघडतात आणि पोहे सांडतात. गेल्या रविवारी भाऊजींचा फोन आला, सोमवारी तुमची गाडी मिळेल का म्हणून. तहसीलसमोर त्यांची लावायला जागा मिळत नाही. दिली. संध्याकाळी परत आली तेव्हा टाकीचा काटा खाली आला होता. वहीत लिहिलंय.